जिवंत आहे, पण कामाचा आहे का?

२२ ऑक्टोबर २०१८, सोमवार. भारतात पहाटेचे ४ वाजून २२ मिनिटे झाली होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गिटहबच्या नेटवर्कमधले एक बिघडत चाललेले १०० गिगाबिटचे ऑप्टिकल उपकरण बदलायचे काम चालू होते. नेहमीच्या देखभालीतलेच काम. ते करताना नेटवर्क हब आणि मुख्य डेटा सेंटर यांच्यातला दुवा तुटला आणि ४३ सेकंदांत पुन्हा जुळला. गिटहबची सेवा पूर्ववत व्हायला मात्र २४ तास ११ मिनिटे लागली. पुण्यामुंबईत कामाचा सोमवार उजाडून मावळला, तरी गिटहब रुळावर आलेले नव्हते.

४३ सेकंदांच्या खंडाला २४ तासांची किंमत का मोजावी लागली, हा प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे. गिटहबने नंतर या घटनेचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी हातचे काही राखले नाही, आणि डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी वाचावा.

गिटहबचे मायएसक्यूएल क्लस्टर ऑर्केस्ट्रेटर नावाच्या प्रणालीच्या देखरेखीखाली होते. प्रायमरी सर्व्हर गेला असे दिसले की रेप्लिकांपैकी एकाला पुढे करून त्याला प्रायमरी करणे हे तिचे काम. दुवा तुटताच पश्चिम किनाऱ्यावरचे आणि पूर्वेकडच्या पब्लिक क्लाउडमधले ऑर्केस्ट्रेटरचे नोड एकत्र आले. त्यांचे बहुमत झाले आणि त्यांनी प्रायमरीपद पश्चिमेला हलवले. इकडे पूर्वेच्या डेटा सेंटरमध्ये काही सेकंदांचे राइट पडून होते, ते पश्चिमेला पोचलेच नव्हते. दुवा जुळल्यावर नवे राइट पश्चिमेला जाऊ लागले. आता दोन्ही किनाऱ्यांवर असा डेटा होता जो दुसऱ्या बाजूला नव्हता. मागे फिरावे तर नवा डेटा जाणार, पुढे जावे तर जुना. त्यात पूर्वेकडच्या अ‍ॅप्लिकेशनला प्रत्येक क्वेरीसाठी अख्खा देश ओलांडून जावे लागत होते आणि ते त्याला झेपत नव्हते. गिटहबने वेगापेक्षा डेटा वाचवणे महत्त्वाचे मानले. बॅकअपमधून टेराबाइटांनी डेटा परत भरला आणि रेप्लिका एकेक करून मार्गावर आणल्या.

या सगळ्यात कुठलेही सॉफ्टवेअर चुकीचे वागले नव्हते. जे सांगून ठेवले होते, तेच त्याने केले. त्याने विचारलेला प्रश्न होता, ‘प्रायमरी दिसतो का?’ उत्तर खरे होते: दिसत नाही. पण दुसरीकडे नेल्यावर अ‍ॅप्लिकेशनला ते पेलेल का, हे विचारायला त्याला कोणी शिकवलेले नव्हते. घटनेनंतर गिटहबने ऑर्केस्ट्रेटरचे कॉन्फिगरेशन बदलले आणि प्रायमरीपद एका भूभागातून दुसऱ्यात आपोआप जाऊ नये अशी तजवीज केली.

हेल्थ चेक म्हणजे मुळात एक प्रश्न. लोड बॅलन्सर त्याच्या उत्तरावर विसंबून काम वाटतो. वाटपाच्या पद्धतींवर रकानेच्या रकाने लिहिले जातात, प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी कोणीतरी पहिल्या दिवशी घाईत लिहिलेला असतो आणि पुढे वर्षानुवर्षे तसाच राहतो. या पुस्तकाचा सगळा भर त्या प्रश्नावर आहे.

लोड बॅलन्सरचे काम ऐकायला सोपे वाटते. दारात उभे राहायचे, येणारे प्रत्येक कनेक्शन आतल्या कुठल्यातरी सर्व्हरकडे धाडायचे, आजारी असेल त्याला वगळायचे. वेबसर्व्हरच्या बाबतीत ते खरोखरच बरेचसे सोपे आहे. दहा वेबसर्व्हर असतील तर दहाही सारखे. एखादा धडधाकट सर्व्हर चुकून बाहेर काढला गेला तर उरलेले नऊ जण काम उचलतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. डेटाबेसचे नोड असे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, कारण प्रत्येकाच्या पोटात डेटा असतो. एक प्रायमरी असतो, बाकीचे त्याच्या मागून येतात. मागून येणारा किती मागे आहे हे क्षणाक्षणाला बदलते. इथे चुकून धडधाकट प्रायमरी बाहेर काढला तर निवडणूक होते, कनेक्शन तुटतात, अर्धवट ट्रान्झॅक्शन गुंडाळावी लागतात आणि नशीब वाईट असेल तर गिटहबसारखी दोन किनाऱ्यांवर दोन सत्ये उभी राहतात.

म्हणून ‘जिवंत आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘राइट घेऊ शकतोस का?’, ‘वाचायला दिलेस तर किती जुने देशील?’, ‘बाकीच्यांशी तुझे बोलणे चालू आहे का?’ हे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी येतात.

मायएसक्यूएलचा तीन नोडचा गॅलेरा क्लस्टर घेऊ आणि जरा जवळून पाहू. गॅलेरात कुठल्याही नोडवर राइट करता येतात आणि ते सगळीकडे पोचतात. समोर एचएप्रॉक्सी आहे, म्हणजे विली तारो यांनी २००१ साली सुरू केलेला आणि आज जगभर वापरला जाणारा लोड बॅलन्सर. कॉन्फिगरेशनमध्ये प्रत्येक नोडच्या ओळीपुढे फक्त ‘चेक’ एवढा शब्द लिहिला आहे. त्याचा अर्थ असा की एचएप्रॉक्सी ठरावीक वेळाने ३३०६ या पोर्टवर टीसीपी कनेक्शन जोडून पाहील. जोडले गेले तर हिरवा, नाही तर लाल.

आता तिसरा नोड दोन दिवस बंद राहून परत येतो. तो इतका मागे पडलेला असतो की त्याला सगळा डेटा नव्याने घ्यावा लागतो. क्लस्टर दुसऱ्या नोडला दाता नेमतो. डेटा पाठवायला आरसिंकची पद्धत लावलेली असेल तर पाठवणी चालू असेपर्यंत दात्याच्या टेबलांवर कुलूप असते. त्याचे पोर्ट मात्र उघडेच असते. एचएप्रॉक्सीच्या पानावर दुसरा नोड हिरवागार दिसतो आणि तिथे गेलेले राइट अडकून बसतात. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच की पान कधी लगेच उघडते आणि कधी फिरतच राहते. हा बिघाड शोधायला फार वेळ लागतो, कारण बघावे तिथे सगळे ठीक दिसते.

दुसरा प्रसंग याहून वाईट. नेटवर्कच्या बिघाडाने एक नोड बाकीच्या दोघांपासून तुटतो. बहुमत त्याच्याकडे नसल्यामुळे तो स्वतःच क्वेरी घ्यायचे थांबवतो आणि प्रत्येकीला १०४७ क्रमांकाची एरर देतो. हे त्याचे वागणे अगदी योग्य आहे, डेटा त्यामुळेच वाचतो. पण पोर्ट इथेही उघडे आहे. त्यात वाटपाची पद्धत ‘लीस्टकॉन’, म्हणजे ज्याच्याकडे सर्वांत कमी कनेक्शन त्याला पुढचे काम, अशी असेल तर चित्र पालटते. खरे काम करणाऱ्या नोडवर क्वेरी मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद तरी रेंगाळते, एरर देणारा नोड मात्र क्षणात मोकळा होतो. तो सदा रिकामा, म्हणून सगळा ओघ त्याच्याकडे. तीनपैकी एक नोड आजारी असताना तीन चतुर्थांश विनंत्या वाया जाऊ शकतात त्या अशा. लोड बॅलन्सरच बिघाड वाढवत असतो.

यावरचा तोडगा साधा आणि जुना आहे. गॅलेराचा प्रत्येक नोड स्वतःची अवस्था एका आकड्यात सांगतो. ४ म्हणजे बाकीच्यांच्या बरोबरीने चाललेला, २ म्हणजे दाता. प्रत्येक नोडवर ‘क्लस्टरचेक’ नावाची छोटी स्क्रिप्ट ठेवतात. ती डेटाबेसला हा आकडा विचारते आणि ९२०० या पोर्टवर एचटीटीपीच्या भाषेत २०० किंवा ५०३ असे उत्तर देते. एचएप्रॉक्सी ३३०६ ऐवजी ९२०० ला विचारतो. पोस्टग्रेसच्या जगात पट्रोनी नावाचे साधन हेच काम ८००८ या पोर्टवर करते, आणि तिथे प्रश्नच दोन आहेत. ‘प्रायमरी’ या पत्त्यावर विचारले तर फक्त प्रायमरी २०० म्हणतो, ‘रेप्लिका’ या पत्त्यावर विचारले तर फक्त रेप्लिका. शिवाय किती लॅगपर्यंत चालेल हेही त्या पत्त्यातच सांगता येते. राइटचे एक दार, रीडचे दुसरे. इतकी स्वच्छ रचना क्वचितच पाहायला मिळते.

हेल्थ चेकलाही स्वतःचे वजन असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मायएसक्यूएलमध्ये एखाद्या यंत्राकडून लागोपाठ अर्धवट कनेक्शन येऊ लागली तर त्यांची मोजदाद होते. मर्यादा मुळात १०० ची आहे. ती ओलांडली की डेटाबेस त्या यंत्राला दार बंद करतो. पोर्टला नुसता स्पर्श करून परत जाणारा हेल्थ चेक म्हणजे असेच अर्धवट कनेक्शन. मध्ये एखादे खरे कनेक्शन यशस्वी झाले तर मोजदाद शून्यावर येते, म्हणून दिवसा काही होत नाही. रात्री रहदारी आटते, चेक मात्र चालूच राहतात, आणि पहाटे कधीतरी डेटाबेस आपल्याच लोड बॅलन्सरला हल्लेखोर समजून बाहेर काढतो. मग कोणीतरी उठून ‘फ्लश होस्ट्स’ ही आज्ञा देईपर्यंत दार उघडत नाही. एचएप्रॉक्सीच्या दस्तऐवजात या धोक्याची सूचना स्पष्ट लिहिलेली आहे, पण हा अनुभव येण्याआधी ती वाचणारे थोडेच.

आता वेळेचा हिशेब. एचएप्रॉक्सीचे मूळ ठरवून दिलेले आकडे असे आहेत: दर दोन सेकंदांनी चेक, लागोपाठ तीनदा नापास झाला की बाहेर, लागोपाठ दोनदा पास झाला की आत. म्हणजे नोड पडल्यापासून तो वगळला जाईपर्यंत साधारण सहा सेकंद. हे ऐकून नव्या माणसाचा हात लगेच आकडे कमी करायला जातो. दर अर्ध्या सेकंदाला चेक, एकदा नापास की बाहेर. तो मोह आवरलेलाच बरा. डिस्कवर क्षणभर ताण आला, जाव्हाच्या प्रक्रियेने कचरा वेचायला दोन सेकंद घेतले, स्विचने काही पॅकेट टाकली, की एवढ्यावरही नोड बाहेर पडतो. त्याचा भार इतरांवर जातो, आता तेही हळू होतात, तेही बाहेर पडतात. शिवाय चेक करणारा एकटा नसतो. वीस अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरांवर वीस एचएप्रॉक्सी असतील तर दोन सेकंदांच्या अंतरानेसुद्धा प्रत्येक नोडला सेकंदाला दहा चेक झेलावे लागतात. अंतर पावपट केले की चाळीस.

उशीर आणि मरण यांत फरक करता येत नाही, ही वितरित प्रणालींची सनातन अडचण आहे. समोरून उत्तर आले नाही. तो गेला, की फक्त दमला आहे? फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी १९८५ साली गणिताने सिद्ध केले की संदेश पोचायला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल, तर एकही नोड बंद पडण्याची शक्यता असताना सर्वांचे एकमत हमखास घडवून आणणारी कुठलीच रीत असू शकत नाही. तेव्हापासूनचे सगळे टाइमआउट हे या सिद्धांताशी केलेले व्यवहारी तह आहेत. टाइमआउट म्हणजे ‘एवढा वेळ थांबलो, आता तू गेलास असे धरून चालतो’. धरून चालतो, एवढेच. खात्री त्यात नाही, आणि ज्याला हे मनापासून पटले आहे तो आपले आकडे जरा सैल ठेवतो.

या तहाचे एक सुंदर रूप २००४ साली जपानमधल्या संशोधकांनी मांडले. त्यांनी हो किंवा नाही हे उत्तरच काढून टाकले आणि त्या जागी संशयाची पातळी ठेवली. ती मोजायला ‘फाय’ हे ग्रीक अक्षर घेतले. एखाद्या नोडचे ठोके आजवर किती अंतराने येत होते याची नोंद ठेवायची आणि आत्ताचा उशीर त्या सवयीच्या मानाने किती विचित्र आहे ते पाहायचे. फाय १ असताना त्याला मेलेला ठरवले तर चूक होण्याची शक्यता दहात एक, २ असताना शंभरात एक, ३ असताना हजारात एक. कॅसँड्रा या डेटाबेसने ही कल्पना उचलली. तिथले नोड दर सेकंदाला एकमेकांशी गप्पा मारतात, त्या प्रकाराला नावही ‘गॉसिप’ असेच आहे, आणि फाय ८ च्या पुढे गेला की समोरच्याला गेलेला धरतात. क्लाउडवर, जिथे नेटवर्क अधिक लहरी असते, तिथे हा आकडा १० किंवा १२ करावा असा सल्ला दिला जातो. घरातला मनुष्य रोज सातला येत असेल तर आठ वाजता काळजी वाटू लागते, आणि ज्याच्या येण्याला कधीच धरबंध नसतो त्याची दहा वाजेपर्यंतही कोणी काळजी करत नाही. फायचे गणित याच जाणिवेवर उभे आहे.

कॅसँड्रात आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे मध्ये लोड बॅलन्सर ठेवतच नाहीत. कुठली नोंद कोणत्या नोडवर आहे हे अ‍ॅप्लिकेशनमधल्या ड्रायव्हरलाच माहीत असते आणि तो थेट त्या नोडकडे जातो. मध्ये डोळे बांधलेला वाटप्या बसवला तर ही माहिती वाया जाते आणि प्रत्येक क्वेरीला एक फेरा जास्तीचा पडतो.

वाटपाच्या बाजूला एक निष्कर्ष इतका देखणा आहे की तो प्रस्तावनेत सांगितल्यावाचून राहवत नाही. काम येईल तसे कुठल्याही सर्व्हरकडे चिठ्ठी टाकून पाठवले तर काहींवर बराच भार साचतो. सगळ्यांचा भार तपासून सर्वांत रिकामा निवडावा, तर ती माहिती मिळेपर्यंत शिळी होते आणि सगळे वाटपे एकाच वेळी त्याच रिकाम्यावर तुटून पडतात. मधला मार्ग असा: चिठ्ठी टाकून दोनच सर्व्हर निवडायचे आणि त्यांतला कमी भाराचा घ्यायचा. एवढ्या छोट्या बदलाने सर्वाधिक भार नाट्यमयरीत्या खाली येतो. अझर, ब्रोडर, कार्लिन आणि उपफल यांनी १९९४ मध्ये आणि मायकल मिट्झेनमाखर यांनी १९९६ च्या बर्कलीतल्या प्रबंधात यामागचे गणित मांडले. दोनाऐवजी तीन निवडले तर त्यापुढचा फायदा अगदी किरकोळ असतो.

डेटाबेसपुढे मात्र या सगळ्या पद्धतींचे हात बांधलेले असतात, कारण वाटप क्वेरीचे होत नाही, कनेक्शनचे होते, आणि कनेक्शन पूलमधली कनेक्शन तासन्‌तास जगतात. नोड दुरुस्त होऊन परत आला, हिरवा झाला, तरी त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. सगळे पूल इतर नोडांना चिकटून बसलेले असतात. म्हणून कनेक्शनचे आयुष्य मर्यादित ठेवावे लागते. जाव्हातल्या हिकारीसीपी या पूलमध्ये ते मुळात ३० मिनिटांचे आहे. याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. एचएप्रॉक्सीने नोडला लाल ठरवले तरी आधीची कनेक्शन तो आपणहून तोडत नाही. ती तोडायची असतील तर तसे कॉन्फिगरेशनमध्ये वेगळे सांगावे लागते. ही एक ओळ राहून गेल्यामुळे, प्रायमरी बदलल्यावरही जुन्या प्रायमरीला राइट जात राहू शकतात.

आणि सगळेच नोड लाल झाले तर? २० ऑक्टोबर २०२५ रोजी, आपल्याकडे ऐन दिवाळीत, अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया विभागात डायनॅमोडीबी या डेटाबेसचा डीएनएसमधला पत्ताच रिकामा झाला. त्याची नोंद आपोआप ठेवणाऱ्या दोन प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या होत्या. तो पत्ता काही तासांत परत आला, पण पडझड पुढे सरकली. नवे सर्व्हर उभे राहात होते, त्यांची नेटवर्कची मांडणी पुरती पोचण्याआधीच हेल्थ चेक त्यांना गाठत होता, नापास करत होता आणि पुढच्या फेरीत पास करत होता. चांगली क्षमता आत-बाहेर करत राहिली. त्या ये-जेच्या ओझ्याने हेल्थ चेकची यंत्रणाच थकली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३६ मिनिटांनी इंजिनिअरांनी नेटवर्क लोड बॅलन्सरचे हेल्थ चेकवर आधारलेले आपोआप होणारे फेलओव्हर बंद केले, आणि चांगले नोड पुन्हा कामाला लागले.

हा अपवादात्मक उपाय वाटतो, पण तो अनेक लोड बॅलन्सरांच्या रचनेतच आहे. एन्व्हॉय या लोड बॅलन्सरमध्ये धडधाकट नोडांचे प्रमाण ५० टक्क्यांच्या खाली गेले की तो हेल्थ चेककडे दुर्लक्ष करून सर्वांना काम वाटू लागतो. अर्ध्याहून अधिक जण एकदम आजारी दिसत असतील तर तपासणाऱ्याचेच चुकत असण्याची शक्यता मोठी, हा त्यामागचा विचार. वेबसर्व्हरसाठी तो उत्तम आहे. डेटाबेसच्या राइटसाठी मात्र तो धोक्याचा ठरतो, कारण मागे पडलेल्या रेप्लिकेला राइट देऊन काहीच साधत नाही. रीडच्या दाराला ही मुभा द्यावी आणि राइटच्या दाराला देऊ नये, अशी या पुस्तकाची स्पष्ट भूमिका आहे.

पुढचे पहिले प्रकरण एका प्रयोगाने उघडते आणि तो वाचकाने स्वतः करून पाहावा अशी अपेक्षा आहे. लॅपटॉपवर एक लिनक्सचे व्हर्च्युअल मशीन, त्यात मायएसक्यूएल, समोर एचएप्रॉक्सी, आणि चेक साधा टीसीपीचा. आता ‘किल’ या आज्ञेने मायएसक्यूएलच्या प्रक्रियेला ‘स्टॉप’ हा सिग्नल द्यायचा. प्रक्रिया मरत नाही, जागच्या जागी गोठते. एकही क्वेरी चालत नाही. एचएप्रॉक्सीचे पान उघडून पाहिले तर नोड हिरवा असतो, कारण टीसीपीचा हस्तांदोलनाचा भाग लिनक्सचा कर्नल स्वतःच उरकतो. त्यासाठी डेटाबेसला जागे असावे लागत नाही. मग कॉन्फिगरेशनमध्ये मायएसक्यूएलची ओळख पटवणारा चेक घालायचा, एचएप्रॉक्सी रीलोड करायचा आणि पान ताजे करत राहायचे. काही सेकंदांत तीच ओळ लाल होते. शेवटी ‘कंटिन्यू’चा सिग्नल देऊन गोठलेली प्रक्रिया सोडवायची आणि ती ओळ पुन्हा हिरवी व्हायला किती चेक लागतात ते मोजायचे.